निमूटपणे

अक्का अक्षरं शिकली ती उलटी.

तिचा नवरा अमळनेरच्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचे ते खिळे एकमेकांत मिसळले की पिशवीत भरून तो घरी आणी, आणि नवी नवरी असलेली अक्का ते ताटात ओतून डाळ निवडावी तसे निवडत बसे. क एका वाटीत, म दुसऱ्या वाटीत. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. त्यामुळे शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला आधी उलटा क ओळखू यायला लागला. पुढे कागदावर छापलेला सुलटा क पाहून ती नवऱ्याला म्हणाली म्हणे, "हाऊ खिया चुकेल शे." हा खिळा चुकलाय. नवरा पोट धरून हसला. मग त्यानं तिला सुलटं वाचायलाही शिकवलं. तो छातीच्या दुखण्यानं ऐन तरुणपणी गेला आणि अक्का एक लोखंडी पेटी घेऊन भावाकडे राहायला आली.

मी तिला पाहिलं ते चौसष्ट-पासष्टच्या सुमारास. मुलींच्या शाळेत नोकरी लागून मी अमळनेरला आले होते, आणि तिच्या भावाच्या, म्हणजे नानांच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. नाना थोडी शेती सांभाळून कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमी करत. घरात त्यांची बायको, मुलगा, मुलगी शकू आणि अक्का. अक्का पन्नाशीच्या अलीकडची, उंच, हाडापेरानं मोठी, चालताना जमीन हादरेल अशी. सगळी आळी तिला अक्का म्हणे. शकू मात्र फुई म्हणायची, कारण ती तिची आत्या, आणि खानदेशात आत्याला फुई म्हणतात.

छापलेलं काहीही अक्काच्या तावडीतून सुटत नसे. गुळाच्या पुडीचा कागद ती आधी वाचे, मग गूळ डब्यात टाके. लग्नपत्रिका आली की वधूवरांची नावं राहिली बाजूला, आधी चुका शोधायची. माझ्याशी ती जमेल तितकं शुद्ध बोलायला बघे, रंगात आली की घसरे. घरात काही बिनसलं, दूध नासलं, कोणी रुसलं, की म्हणे, "कुठंतरी खिळा उलटा बसलाय." वाचताना उजव्या हाताचं बोट ओळीवरून चालवायची तिची सवय. जुन्या पुस्तकाच्या पानावर खिळ्यांचा दाब उठलेला असतो. ती डोळे मिटून पान चाचपी आणि सांगे, "इथं जुळाऱ्यानं चांगलं काम केलंय." मला काही तो दाब कधी लागला नाही.

नाना अगदी उलट. त्यांना अक्षर येत नव्हतं, आणि म्हणूनच की काय, छापील कागदाला ते देवासारखं मानत. कागदाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावत. एकदा जामनेरच्या एका नातेवाइकाच्या पत्रिकेत लग्नाचा वार चुकीचा पडला. अक्कानं लगेच ओळखलं आणि सांगितलं, "नाना, तो वार चुकलाय." नाना म्हणाले, "छापेल शे." आणि धोतर-टोपी घालून, आहेर काखोटीला मारून, छापलेल्या वारी एसटीनं जामनेरला गेले. तिथं मांडव सोडून बांबू रचून ठेवले होते. संध्याकाळी परत आले, आहेर खुंटीला अडकवला आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "मी छापेल दिनलेच गयथू." आम्ही महिनाभर हसत होतो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

उन्हाळ्यात नानांच्या ओसरीवर दुपारी आळीतल्या बायका जमत. पेरणीच्या बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा हातानं फोडाव्या लागत, मशिनीत दाणा दुखावतो. शेजारची मारवाडी शेठाणी शेंगांना हात लावत नसे, पण येऊन मात्र सगळ्यांच्या आधी बसे, कारण अक्का वाचून दाखवायची. आतल्या खोलीत नाना तोंडावर पंचा टाकून झोपलेले असत. निदान आम्ही तरी तसं समजत होतो.

पुस्तक एकच. मुखपृष्ठ गेलेलं, शिवण सुटलेली, नवऱ्यानं छापखान्यातल्या रद्दीतून आणलेली जुनी कादंबरी. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं. नायिकेचं नाव कमलजा. आळीत कमलजेची कमळी झाली, आणि तिकडे ळ जिभेवर टिकत नाही, त्याचा य होतो, म्हणून कमळीची कमयी. 'कमयीनं पुस्तक', म्हणजे कमळीचं पुस्तक, म्हटलं की सगळ्यांना कळे.

ते पुस्तक मी कॉलेजात वाचलं होतं आणि वाचून उशी भिजवली होती. त्या काळच्या अशा कादंबऱ्या साधारण एका साच्याच्या. बुद्धीनं तल्लख, रूपानं सोज्ज्वळ मुलगी, लहान वयात लग्न, जळफळणारी सासू, नेभळट नवरा. कमलजा सगळं सोसते. अखेर एका पहाटे सासरहून निघून माहेरच्या दाराशी येते, कडी वाजवायला हात वर करते. पण वडिलांच्या अब्रूचा विचार मनात येतो, आणि ती हात मागे घेते, परत जाते, झुरून मरते. मग वडील अश्रू ढाळतात. लेखकही ढाळतो. वाचणाऱ्या मुलींना आपण फार काहीतरी उदात्त वाचलं असं वाटतं, मलाही वाटलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तपासायचे पेपर घेऊन जिन्यात बसले होते. खाली अक्काचं वाचन चालू होतं. पुस्तकातली पुणेरी भाषा ती वाचता वाचता अहिराणीत करत होती, न अडखळता. सासू सुनेला म्हणते, या घरात सुनेला तोंड नसतं, तो प्रसंग आला. पुस्तकात कमलजा इथं मान खाली घालते. अक्काचं बोट ओळीवर थांबलं, आणि ती वाचू लागली:

"कमयी बोलनी, तोंड नही शे, तं मंग मी भाकर कोठे घालस?"

ओसरी हसून लोळली. शेठाणीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातातले पेपर गुडघ्यावरून सांडले.

बायका गेल्यावर मी खाली उतरले. म्हटलं, "अक्का, पुस्तकात कमलजा असं बोलत नाही."

"नाहीच बोलत." ती मुळीच दचकली नाही. उलट कोणीतरी वाचलेलं भेटलं याचा तिला आनंद झालेला दिसला. तिनं पान माझ्यापुढे धरलं. "हा शब्द बघा, बाई. निमूटपणे. निमूटपणे आत गेली, निमूटपणे जेवली, निमूटपणे मार खाल्ला. पानोपानी आहे. याला आमच्या बोलीत काय म्हणू?"

"मुकाट्यानं म्हणा."

"मुकाट्यानंमध्ये राग असतो, बाई. माणूस मनात शिव्या देतो आणि गप्प बसतो. याच्यात रागबी नाही. आमच्यात बाई एक तं बोलस, नही तं मरस. मधलं काही नही. मग मी तिला बोलू देते."

मी मराठी शिकवणारी बाई. त्या शब्दात राग नसतो हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

पुढे दर उन्हाळ्यात तेच पुस्तक नव्यानं निघे, आणि दर उन्हाळ्यात कमयी थोडी पुढे गेलेली असे. एका वर्षी ती शिवणकाम शिकली. पुढच्या वर्षी तिनं सासूला कोर्टाची भीती घातली. त्याच्या पुढच्या वर्षी ही गेल्या शतकातली कमलजा थेट वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागली आणि सकाळच्या पाळीला डबा घेऊन जाऊ लागली. शेठाणीनं शंका काढली, "त्या वेळेला फॅक्टरी होती काय हो?"

"पुस्तकमा शे," अक्का म्हणाली, आणि शंका मिटली.

दाराचा प्रसंग मात्र दरसाल तोच असे. त्यात अक्का एक अक्षर इकडचं तिकडे करत नसे. कमयी पहाटे माहेरच्या दाराशी येते, कडी वाजवते. आत खोकला ऐकू येतो, मग पावलं. अक्का इथं थांबे. शेंगा फोडण्याचा आवाज थांबलेला असे. "बापनी दार उघाडं. बोलना, ये माय. मुक्कामले नही, ऱ्हावाले ये." मुक्कामाला नाही, राहायला ये. एखादी बाई पदर डोळ्यांना लावी. मग कोणीतरी सुस्कारा टाके, आणि पुन्हा शेंगा फुटू लागत.

शकू या दुपारी अक्काला खेटून बसायची. फोडलेल्या दाण्यांतले निम्मे तोंडात टाकायची आणि आईच्या शिव्या खायची. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. पण कमयी तिला तोंडपाठ होती. अक्का दमली की ही पुढचं वाक्य बोलून दाखवी, आवाजही अक्कासारखा जाड काढून. एकदा मला म्हणाली, "बाई, कमयी आता किती वर्सांनी असी?" मी म्हटलं, असेल आता म्हातारी. त्यावर ती विचारात पडली आणि म्हणाली, "मंग पेन्शन भेटत असी तिले."

तिचं लग्न धुळ्याला झालं. मुलाचे वडील, तात्या, कोर्टात कारकून. शिकलेलं घर, शुद्ध बोलणं. नाना खूश होते. लग्नात तात्यांनी मंगलाष्टकांचा छापील कागद वाटला, तो नानांनी घडी घालून पाकिटात ठेवला होता. अक्कानं त्यात एक चूक काढली होती, पण त्या दिवशी ती बोलली नाही.

पहिल्या वर्षी शकू दोनदा आली. दुसऱ्या खेपेला ती दाणे खात नव्हती. आईनं विचारलं तर म्हणाली, भूक नाही. पोरीचं काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांना दिसत होतं, आणि कोणी विचारलं नाही, कारण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली दुपार. ओसरीवर बायका होत्या, पुस्तक उघडलेलं होतं, शाळेला सुटी असल्यानं मीही दाणे निवडत बसले होते. समोरून शकू आली. हातात पिशवी नाही, पायांत चप्पल नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. भांडी घासता घासता ती उठली होती आणि तशीच एसटीत बसली होती. धुळ्यापासून अमळनेरपर्यंतच्या उन्हात ते लुगडं वाळलं नव्हतं, म्हणजे किती भिजलेलं असेल. उजव्या मनगटावर उलथन्याच्या रुंदीचा डाग होता. ताजा नव्हता. त्याच्यावर दुसरा होता, तो ताजा होता.

आतून नाना बाहेर आले. दारातच उभे राहिले, एक हात चौकटीवर ठेवून.

शकू त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी नही जात आते, नाना. कमयी उनी व्हती, तशी मी बी उनी." कमयी आली होती, तशी मीही आले.

नानांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं, ओसरीवरच्या बायकांकडे पाहिलं. "बठ्ठं गाव काय म्हनी?" ते पुटपुटले. सगळं गाव काय म्हणेल. मग अक्काकडे वळले. तेव्हा मला कळलं की पंचाखाली हा माणूस कधीच झोपत नव्हता.

"पुस्तकमा शे?" त्यांनी विचारलं. "बाप दार उघाडस, ते छापेल शे?"

अक्काचं बोट पानावर होतं. तिनं पुस्तकाकडे पाहिलं नाही, शकूकडे पाहिलं.

"छापेल शे, नाना."

नानांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "ये माय." पुढचं वाक्य त्यांना आलं नाही. पण ते चौकटीतून बाजूला झाले, आणि शकू आत गेली.

नंतरचे दिवस त्या घरातले मी पाहिलेले सगळ्यात चांगले दिवस. शकू दिवसभर झोपे. उठली की खाई. मनगटाला तिची आई खोबरेल लावी. नानांनी जिनिंगमधल्या कोणाकडून शिलाईच्या मशिनीची चौकशी केली. अक्का स्वयंपाकघरात इतक्या मोठ्यानं गाणं म्हणू लागली की मला वरून खाली येऊन सांगावं लागलं, अक्का, मुलींचे पेपर आहेत हो माझ्यापुढे.

मग तात्या आले. बरोबर गावातले दोन प्रतिष्ठित. जावई नव्हता. सकाळची वेळ होती, पाणी झालं, चहा झाला. तात्या आवाज चढवणारे नव्हते. कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाचं असतं तसं, एकेक शब्द वेगळा ठेवून ते बोलत. सून न विचारता निघाली, चार दिवस वाट पाहिली, आता न्यायला आलोय. पुढे काय?

नाना म्हणाले, "मन्ही आंडेर आठेच ऱ्हाई." माझी मुलगी इथंच राहील. मी जिन्यात उभी होते. मला नानांच्या पाया पडावंसं वाटलं.

"कोणत्या आधारावर?" तात्यांनी विचारलं. दुसऱ्या कोणी कदाचित 'का' म्हणून विचारलं असतं, मग नानांनी मनगट दाखवलं असतं. पण हे आधार मागत होते. आणि नानांकडे आधार होता.

"पुस्तकमा छापेल शे."

बरोबरचा एक जण हसला. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "आणा ते पुस्तक."

पुस्तक समोरच्या कोनाड्यात सगळ्यांना दिसत होतं. अक्कानं ते आणून दिलं. तात्यांनी चष्मा लावला, शेवटची पानं काढली, मनातल्या मनात वाचली, आणि पुस्तक तसंच उघडं तिच्यापुढे धरलं.

"कुठं लिहिलंय? बोट ठेवून दाखवा."

अक्काचं बोट पानावर गेलं. इतकी वर्षं मी ते बोट ओळींवरून चालताना पाहिलं होतं. ते या ओळीवर गेलं, त्या ओळीवर गेलं, समासात आलं. मग तिनं हात मागे घेतला.

"छापणाऱ्याची चूक आहे," ती म्हणाली. "खिळे चुकले. माझा मालक हेच काम करी, मला माहीत आहे खिळे कसे चुकतात."

"इथं तर स्वच्छ छापलंय." आणि तात्यांनी मोठ्यानं वाचलं, निकाल वाचावा तसं. "कमलजेने कडीपर्यंत नेलेला हात मागे घेतला, आणि ज्या पावली आली त्याच पावली ती निमूटपणे सासरी परतली." त्यांनी पुस्तक मिटलं. "बाई अक्षरं उलटी शिकल्यात असं ऐकून होतो. वाचतातही उलटंच."

आतल्या दारात शकू उभी होती. तिनं विचारलं, "फुई, कमयीनी कडी वाजाडी नही?"



मला राहवेना. मी म्हटलं, "पुस्तक गेलं चुलीत. पोरीचं मनगट बघा आधी." तात्यांनी माझ्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "आपण भाडेकरू ना?" मी म्हटलं, हो, आणि माणूसही आहे. पण तोपर्यंत माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे नानांकडे बघत होते. जामनेरहून आहेर परत घेऊन आले होते तेव्हाही त्यांचा चेहरा असा उतरलेला नव्हता.

"माले वाटनं छापेल शे," ते म्हणाले, कोणालाही उद्देशून नाही. मग खाली बघत, "शकू, लुगडं बदल."

ती आत गेली, लुगडं बदललं, डोक्यावरून पदर घेतला, सगळ्यांच्या पाया पडली. अक्काच्याही. रडली नाही, बोलली नाही. तात्यांच्या मागून चालत एसटी स्टँडकडे गेली. निमूटपणे गेली. मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या जाण्याला मला आजही दुसरा शब्द सापडत नाही.

पाऊसकाळ संपता संपता धुळ्याहून एक नातेवाईक एसटीनं निरोप घेऊन आला. चहा करताना स्टोव्ह भडकला, पदर पेटला. लोक म्हणाले, नशीब. लोक म्हणाले, ते स्टोव्ह असतातच तसले. मी काय म्हणाले ते लिहीत नाही. आज इतक्या वर्षांनीही त्या शांत आवाजाच्या माणसाची आठवण झाली की माझ्या तोंडात शिवी येते, आणि मी ती गिळत नाही.

अक्का रडलेली मी पाहिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेंगा आल्या, बायका जमल्या, कोणी पुस्तकाचं नाव काढलं नाही. तिनंच ते कोनाड्यातून काढलं आणि वाचायला लागली. जसं छापलंय तसं. तीच पुणेरी भाषा, काना-मात्रा न चुकवता, संथ आवाजात. कमलजा निमूटपणे आत गेली. कमलजा निमूटपणे जेवली. तो शब्द आला की बोट थांबे, ती तो नीट उच्चारी आणि पुढे जाई. शेठाणीनं काही वेळानं विचारलं, "हे दुसरं पुस्तक आहे काय?"

"तेच शे."

"हाई तं कमयी नही शे," एक म्हातारी म्हणाली, आणि आपली शेंगांची पाटी उचलून घरी गेली. हळूहळू सगळ्याच गेल्या. अक्का मात्र उन्हाळाभर रोज दुपारी वाचत राहिली. समोर कोणी नसे. आत नाना तोंडावर पंचा टाकून पडलेले असत, आणि मला खात्री आहे की ते प्रत्येक शब्द ऐकत होते. ती त्यांच्यासाठी वाचत होती की स्वतःसाठी, ते मला ठरवता आलं नाही.

एकदा नाना माडी चढून माझ्याकडे आले. कधी येत नसत. दारातच उभे राहिले. "बाई, तुम्ही बठ्ठा पुस्तकं वाचेल शेतस," ते म्हणाले. "असं एखादं शे का, जेमा बाप दार उघाडस? खरं छापेल?"

मला दया यायला हवी होती. आली ती रागासारखीच आली. मी म्हटलं, "नाना, दार उघडायला पुस्तक कशाला लागतं?"

त्यांनी मान हलवली. बरोबर आहे म्हणून, की तसं पुस्तक नाही हे कळलं म्हणून, कोण जाणे. हळूहळू जिना उतरून गेले.

त्याच वर्षी मी जळगावच्या शाळेत गेले. पत्र लिहिण्याइतका संबंध अक्काशी नव्हता, किंवा होता म्हणूनच लिहिलं नाही. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीला परीक्षेच्या कामासाठी अमळनेरला जाणं झालं, तेव्हा दुपारी त्या घरी गेले. नाना वारले होते. त्यांची सून बाहेर आली, ती मी गेल्यानंतर घरात आलेली, मला ओळखत नव्हती. ओसरीवर अक्का शेंगा फोडत बसली होती. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. बोटं मात्र पूर्वीसारखीच चालत होती, दाणा एकीकडे, टरफल दुसरीकडे.

मी नाव सांगितलं. तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या आणि माझा हात चाचपला. कशा आहात, कुठं असता, काही विचारलं नाही. म्हणाली, "बाई, पेटीत पुस्तक आहे. वाचता का?"

मी ते काढलं. पानं पिवळी पडून कडेनं तुटत होती. सुरुवातीपासून वाचावं तर रात्र झाली असती, म्हणून शेवटचं प्रकरण घेतलं. पहाट, वाट, माहेरचं दार. अक्का ऐकत होती, बोटं थांबली होती. कमलजेनं हात वर केला. आणि पुढचं वाक्य माझ्याच्यानं वाचवेना. मी माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हटलं, "कमयीनी कडी वाजाडी. बापनी दार उघाडं. बोलना, ये माय. मुक्कामले नही, ऱ्हावाले ये."

अक्कानं हात पुढे केला.

"कोठे लिखेल शे, बाई? मन्हं बोट ठेवी दखाडा."

मी तिचं बोट धरलं. छापलेल्या कुठल्याही ओळीवर ठेवायचा मला धीर झाला नाही. प्रकरण संपून खाली पान कोरं होतं, तिथं ठेवलं. तिनं ते बोट इकडून तिकडे सावकाश फिरवलं, पूर्वी जुळाऱ्याचं काम चाचपून बघायची तसं.

"आठे तं काहीच नही शे," ती म्हणाली. "गुळगुळीत शे."

पण बोट तिनं तिथून उचललं नाही. आतून सून चहा घेऊन आली, चहा निवला, तरी ते तिथंच होतं.